दोन धाकटे

"मी धाकटा!" रहामीम ओरडला.

"तू? तू कसा धाकटा? धाकटा मी!" नाहूम त्याच्याहून मोठ्यानं ओरडला.

चौतीस वर्षांचे दोन बाप्ये, दोघांना मुंबईत नोकऱ्या, दोघांच्या बायका स्वयंपाकघराच्या दाराला कान लावून उभ्या, आणि हे माझे जुळे भाऊ आमच्या तेलाच्या घाण्यापाशी धाकटेपणासाठी भांडत होते. घाण्याचा बैल फिरता फिरता थांबला आणि दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागला. त्याला हाकायचं काम माझं होतं, पण खरं सांगते, मीही थांबूनच ऐकत होते. थोरलेपणासाठी लोक एकमेकांची डोकी फोडतात. इथं ते एकमेकांच्या गळ्यात मारायची खटपट चालली होती.

ही गोष्ट पंचावन्न वर्षांपूर्वीची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागेच्या खाली खाडीकाठी आमचं गाव. पिढ्यानपिढ्या घाणा चालवलेला, आणि शनिवारी शब्बाथ म्हणून तो बंद ठेवायचा, त्यामुळं गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. शनिवारी बैलालाही सुट्टी. शास्त्रातच तसं सांगितलंय. गावातल्या बाकीच्या बैलांना आमच्या बैलाचा हेवा वाटत असणार.

त्या वर्षी आमची माणसं एकामागून एक इस्राएलला निघाली होती. रहामीम आणि नाहूम दोघांचीही नावं लागली. दोघांनी ट्रंका विकत घेतल्या, बायकांनी लोणची भरली, आणि मग आबांचा निरोप घ्यायला म्हणून दोन्ही बिऱ्हाडं गावी आली. आबा, म्हणजे आमचे वडील हस्केलजी, त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते कळायचं नाही. पण जीभ शाबूत होती.

"दोघांनी जायचं नाही," आबा म्हणाले. "धाकट्यानं खुशाल जावं. थोरल्यानं राहायचं. घाणा, नारळी-पोफळीची वाडी, विहीर आणि मी, हे सगळं थोरल्याचं. सुटं सुटं मिळणार नाही. मी त्यातच धरलेला आहे."

"आणि थोरला नाही राहिला तर?" नाहूमनं चाचरत विचारलं.

"तर वाडी अलिबागच्या शेटला जाईल. तो दोन वर्षं दाराशी घुटमळतोय. पुढच्या रविवारी मलिदा करू. त्या दिवशी थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवीन. हातांखाली डोकं आलं तर ठीक, नाही आलं तर सोमवारी शेटला बोलावणं."

झालं! तेव्हापासून घरात दोन धाकटे झाले.

तुम्हाला वाटेल, जुळे असले तरी आधी कोण जन्मला ते घरात माहीत नसतं का? तर आबांना नव्हतं, आणि त्या दोघांनाही नव्हतं. पोरं झाली त्या दिवशी आबा तीळ आणायला पेणला गेलेले. परत आले तेव्हा एकाच दुपट्यात दोघं झोपलेली. आबांनी विचारलं, "पहिला कोणता?" आई म्हणाली, "दोन्ही माझेच आहेत, तुम्हाला पहिला कशाला हवाय?" मरेपर्यंत तिनं दुसरं उत्तर दिलं नाही. सुईण तर तिच्याही आधी गेली.

आईचंही बरोबर होतं म्हणा. आमच्याकडे तेव्हा मशिदीच्या अंगणात कीर्तनं व्हायची. मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग, जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत. त्या कीर्तनात आई पोटुशी असताना याकोब-एसावाचं आख्यान ऐकून आलेली. इसहाकाला जुळे मुलगे. एसाव आधी आला, अंगभर केस घेऊन. याकोब मागून, भावाची टाच धरून. मोठेपणी याकोबानं भुकेल्या भावाकडून एक वाटी मसुराच्या आमटीवर थोरलेपण विकत घेतलं. मग आंधळ्या बापाला फसवायला त्याच्या आईनंच याकोबाच्या हातांना करडाचं कातडं गुंडाळलं. बापानं हात चाचपले, केस लागले, त्याला एसाव समजून आशीर्वाद देऊन टाकला. एसाव छाती पिटून रडला, पण दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही. दोघं भाऊ वीस वर्षं एकमेकांना तोंड दाखवेनात. हे ऐकून आईनं धसका घेतला. आपल्या घरात थोरला-धाकटा ही भानगडच नको, असं तिनं ठरवून टाकलं.

आणि आता तीच भानगड उलटी होऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली.

मी कोण? मी मिल्का, दोघांची मोठी बहीण. नवरा हिवतापानं गेला तशी एक पेटी घेऊन माहेरी आले, ती घाण्याला जुंपले गेले. बैलाच्या मागून फिरायचं मी, तेल गाळायचं मी, वाडीचं शिंपणं मी, आबांना आंघोळ घालायची मी. वाडीतल्या दक्षिणेकडच्या पोफळी मी माझ्या हातांनी लावलेल्या, तेव्हा कुठं सुपारी धरायला लागल्या होत्या. पण वाटणीची बोलणी सुरू झाली की माझं नाव कुठं यायचं? पितळेचा हंडा, शिसवी पलंग, आणि मी.

"वन्सं आमच्याबरोबर येतील," नाहूमची बायको दीना म्हणाली. "तिकडं आम्हाला दोघांना कामाला जावं लागेल. पोरांकडं कोण बघणार?"

"वा गं! पोरं काय तुलाच आहेत?" रहामीमची बायको तडकली. "वन्संना आम्ही नेणार. हंडा तू घे."

मी पोळ्या लाटत होते. ऐकून घेतलं. वाडी गेली तर कुणाच्या तरी पोरांचे शेंबूड पुसायला वाळवंटात जायचं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला जायचं नव्हतं. मला माझ्या पोफळी हव्या होत्या. पण दोन भाऊ असताना बहिणीनं वाडी मागायची, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि माझ्याही तोंडातून शब्द फुटत नव्हता. राग मात्र येत होता. म्हणून मी एकच केलं. तो सबंध आठवडा रोज मसुराची आमटी केली.

पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाहूमनं वाटी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानं आपली वाटी रहामीमच्या ताटाकडं सरकवली.

"घे रे. माझीपण घे. आणि आमटीबरोबर माझं थोरलेपणही घे. फुकट."

"तुझं थोरलेपण? म्हणजे कबूल केलंस! आबा, ऐकलंत? त्याचं आहे म्हणतोय!"

"मी कुठं कबूल केलं? असलं तर घे म्हटलं!"

एसावानं एका वाटीवर थोरलेपण विकलं. माझ्या भावांनी पातेलं खरवडून खाल्लं, तरी फुकटसुद्धा कुणी घेईना.

"आबा," नाहूम म्हणाला, "शास्त्रातच पुरावा आहे. एसाव केसाळ होता, म्हणून तो थोरला. आता याचे हात चाचपून बघा."

रहामीम म्हणजे अस्वल. मनगटापासून दंडापर्यंत हे दाट केस. आबांनी त्याचा हात धरून चाचपला, "हं" म्हणाले आणि ताटाकडं वळले. पण ते "हं" रहामीमच्या काळजात जाऊन बसलं. रात्रभर तो कूस बदलत राहिला म्हणे.

शनिवारी शब्बाथ संपला, आभाळात तारे दिसले, तसा रहामीम घाईघाईनं बाहेर पडला. परत आला तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. आमच्या कोकणातल्या उकाड्यात पूर्ण बाह्या! मला संशय आला. पाण्याचा तांब्या देताना मी मुद्दाम त्याची बाही वर ढकलली. आत हात कसा? सोललेल्या कोंबडीसारखा. गडी न्हाव्याकडं जाऊन दोन्ही हात वस्तऱ्यानं भादरून आला होता.

"ताई, बोलू नकोस कुणाला," तो काकुळतीला आला.

मी हसू आवरायला विहिरीवर पळाले. याकोबानं थोरलं व्हायला केस चिकटवले, ह्यानं धाकटं व्हायला काढून टाकले. आमच्या बापजाद्यांनी हजारो वर्षं ती गोष्ट जपून ठेवली, ती काय ह्यासाठी?

रविवारी मलिद्याला माणसं जमली. मलिदा म्हणजे आमचा नवसाचा, आभाराचा, प्रवासाआधीचा विधी. गुळाखोबऱ्यात कालवलेल्या गोड पोह्यांचं मोठं ताट, वर फळं रचलेली, गुलाब, सब्जाचा पाला. एलियाहू हनबी, म्हणजे एलिया प्रेषित, त्याच्या नावानं प्रार्थना म्हणायची आणि मग ताट फिरवायचं. प्रार्थना चालवायला मशिदीतले हझान अरोनजी आले होते. अंगणापलीकडच्या ओसरीवर अलिबागचा शेटही येऊन टेकला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण गूळ ठेवला की मुंगळ्याला काय निमंत्रण लागतं?

प्रार्थना झाली. ताटापाशी आबा उभे राहिले. दोन्ही हात छातीइतके उंच करून पुढं धरले आणि म्हणाले, "जो थोरला असेल तो येवो."

कुणी हललं नाही.

रहामीम बाह्यांवरून हात खाजवत उभा होता. वस्तरा धड नव्हता वाटतं, सबंध प्रार्थनाभर त्याचं ते खाजवणं चाललं होतं. नाहूम जमिनीकडं बघत होता, जणू तिथं त्याची चवली पडली होती. दीनानं मागून त्याच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

"या," आबा पुन्हा म्हणाले.

आता लोक कुजबुजायला लागले. आबांचे हात तसेच हवेत. ते डोकं जरा कलतं करून ऐकत होते, कुठून पाऊल वाजतंय का. मी त्यांना रोज आंघोळ घालणारी, ते हात मला माझ्या हातांपेक्षा ओळखीचे. चाळीस माणसांसमोर एका बापाचे हात रिकामे लोंबकळताहेत आणि दोन धट्टेकट्टे मुलगे पावलं मागं घेताहेत, हे मला बघवेना. मी पुढं गेले ती खरं तर त्यांचे हात खाली घ्यायलाच. पण जवळ गेले आणि वाटलं, का खाली घ्यायचे? आणि मी डोकं वाकवलं.

हात माझ्या डोक्यावर आले. थबकले. मग उजव्या हाताची बोटं माझ्या वेणीवरून खाली शेवटापर्यंत गेली आणि परत वर आली. आबांनी घसा खाकरला.

"तुझ्या विहिरीचं पाणी आटू नये," ते मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाले. "तुझ्या माडांना फळ यावं, तुझ्या पोफळींना फळ यावं. तुझा घाणा सहा दिवस फिरावा आणि सातव्या दिवशी विसावा घ्यावा. तुझ्या भावांनी तुला मान द्यावा. माझं जे आहे ते तुझं आहे, आणि मीही आहे."

"आमेन," शेटच्या तोंडून चुकून निघालं, बिचाऱ्याच्या.

मग जो गलका झाला!

"आबा, घोटाळा झाला!" नाहूम ओरडला. "ती ताई आहे!"

"मला माहीत आहे."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून..."

"दिसत नाही, हे खरं. पण वेणी आणि टक्कल यातला फरक बोटांना कळतो." नाहूमला पंचविशीतच टक्कल पडलेलं. माणसं हसली.

हझान अरोनजी पुढं आले. ते भले गृहस्थ, पण नियमाचे पक्के. "हस्केलजी, शास्त्रात सलाफहादाच्या मुलींना वाटा मिळाला खरा. त्या पाच बहिणींनी मोशेपुढं जाऊन मागितला. पण का? तर बापाला मुलगा नव्हता म्हणून. इथं तुम्हाला दोन मुलगे..."

माझी जीभ तेव्हा सुटली. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत सुटली.

"कुठं आहेत मुलगे, अरोनकाका? आबांनी दोनदा हाक मारली. तुम्ही तिसऱ्यांदा मारून बघा. आला कुणी तर मी बाजूला होते. मला वाडी हवी आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगते. मला हवी आहे! पण थोरला पुढं आला तर त्याची."

अरोनजींनी दोघांकडं पाहिलं आणि इथंच गंमत झाली. आठ दिवस जे कुणाला फुकट नको होतं, ते दुसऱ्याचं झालेलं पाहिल्याबरोबर दोघांनाही गोड वाटायला लागलं.

"तसं म्हटलं तर," रहामीम खाजवत म्हणाला, "आई एकदा म्हणाली होती, मी आधी..."

"खोटं! मी आधी!" नाहूमनं सदरा दीनाच्या हातातून सोडवून घेतला. "मी थोरला! आबा, मी थोरला!"

"हे हात बघा!" रहामीमनं तावातावानं बाह्या वर केल्या, आणि सगळ्या अंगणानं ते सोललेले हात पाहिले. त्यानं गपकन बाह्या खाली ओढल्या.

आबा खाली बसले. मलिद्याचं ताट चाचपून त्यांनी एक मूठ पोहे उचलले आणि माझ्या हातावर ठेवले.

"इसहाकानं चुकून दिलेलाही परत घेतला नाही," ते म्हणाले. "मी तर जाणूनबुजून दिलाय. अरोनजी, ताट फिरवा. शेट, तुम्हीपण घ्या, आलाच आहात तर."

शेवटी अरोनजींनी ताट उचललं. कोर्टकचेरीची भाषा दोन दिवस झाली, पण दोघांची जायची तारीख जवळ आली होती, आणि आबांचा शब्द मोडायची हिंमत एकातही नव्हती. हंडा दीनानं नेला. पलंग दुसरीनं.

रेवसच्या धक्क्यावर मी त्यांना पोचवायला गेले. मुंबईची लाँच उभी होती. बायका-पोरं, ट्रंका, लोणच्याच्या बरण्या आत गेल्या. दोघं भाऊ तेवढे माझ्यासमोर घुटमळत राहिले. मग रहामीमनं टोपी सारखी केली आणि डोकं वाकवलं.

"आता घरात थोरली तू," तो म्हणाला. "हात ठेव. लांब जायचंय."

नाहूमही वाकला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी दोन्ही हात उचलले, तेवढ्यात रहामीम पुटपुटला, "उजवा माझ्यावर ठेव हं. उजवा थोरल्याला असतो."

"मग माझ्यावर ठेव!" नाहूमनं त्याला खांद्यानं ढकललं. "उजवा माझ्यावर!"

डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. मी हात कमरेवर ठेवले.

"कोण आधी आलं, ते मला विचारा की."

दोघांनी माना वर केल्या.

"तुम्ही झालात तेव्हा सुईणीच्या मदतीला घरात कोण होतं? मीच होते, सहा वर्षांची. पहिला आला तो सुईणीनं पुसून माझ्या मांडीवर ठेवला, कारण आई दुसऱ्याच्या कळा देत होती. पहिला कोण, ते मला तेव्हापासून माहीत आहे."

दोघांची तोंडं उघडी. "मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"विचारलंत कुणी? आता सांगते. पण ज्याचं नाव घेईन त्याला मी वाडी, घाणा आणि आबा आत्ताच्या आत्ता देऊन टाकणार. त्यानं घरी जायचं, आणि त्याच्या तिकिटावर मी जाणार. सांगू?"

लाँचचा भोंगा वाजला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि दोघांनी एकदमच फळीवर उडी मारली. एकाची चप्पल धक्क्यावरच राहिली, ती मी उचलून आत फेकली.

त्यांना सांगितलं नाही, पण आज सांगायला हरकत नाही. आईनं त्या दिवशी माझ्या ओठांवर बोट ठेवलं होतं, ते तर होतंच. पण मला गप्प ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तो पहिला माझ्या मांडीवर आला तो रडतच. मी डोलवलं, ओवी म्हटली, बोट चोखायला दिलं, काही केल्या राहीना. काळानिळा झाला. मग दुसरा आला, सुईणीनं त्याला पुसून ह्याच्या शेजारी ठेवला, आणि त्याचं अंग ह्याच्या अंगाला लागल्याबरोबर हा गप्प झाला. असा गप्प, की मी घाबरून नाकाशी हात धरला. त्याचं नाव मी आबांना सांगितलं असतं, तर तो एकटा मागं राहिला असता. भाऊ समुद्रापलीकडं, आणि हा इथं बैलामागून फिरतोय. त्या खेपेला त्याला गप्प करायला मी कुणाला आणून ठेवणार होते?

लाँच खाडीतून बाहेर पडली. कठड्याला दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि हातांचे कर्णे करून ओरडत होते, "कोण, ताई? कोण?"

मी कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली. मग दोन्ही हात त्यांच्या दिशेनं उंच धरले, लाँच दिसेनाशी होईपर्यंत धरून ठेवले, आणि घरी परतले. आबा जेवायचे खोळंबले होते.